यंत्राला ‘जरासं’ शिकवताना

शाळेत संच शिकवताना बाईंनी व्याख्या फळ्यावर लिहून दिली होती: वस्तूंच्या सुस्पष्ट समूहाला संच म्हणतात. खाली उदाहरणं होती. आठवड्याचे वार, हा संच आहे. सम संख्या, हाही आहे. वर्गातील उंच मुली, हा संच नाही, कारण उंच कोणाला म्हणायचं ते नक्की ठरत नाही. वर्गात सगळ्यांत उंच मी होते. शेवटच्या बाकावर बसून मी ते निमूटपणे उतरवून घेतलं आणि मनात म्हटलं, बाई, माझ्यापुरतं तरी नक्की ठरलेलं आहे की.

पुढे इंजिनिअर झाले, लग्न होऊन इंग्लंडला आले, स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका कंपनीत लागले, आणि माझा सगळा कामाचा काळ त्या ‘संच नाही’ म्हणून बाजूला टाकलेल्या समूहांमध्येच गेला. उंच, गरम, मळकं, जवळजवळ भरलेलं, जरासं ओलं. आमची कंपनी कारखान्यांतल्या यंत्रांचे कंट्रोलर बनवते. कंट्रोलर म्हणजे यंत्राने कधी तापायचं, कधी थांबायचं हे ठरवणारा मेंदू. त्यातल्या काहींना ‘फझी’ पद्धतीने विचार करायला शिकवावं लागतं, आणि ती पद्धत गिऱ्हाइकांच्या माणसांना पहिल्यापासून समजावून देणं हे माझं काम. कोणी विचारलं तर मी सांगते, यंत्रांना ‘जरासं’ म्हणजे काय ते शिकवते. लोक हसतात. मला मात्र या कामाचा अजून कंटाळा आलेला नाही.

नवख्यांचा वर्ग असला की मी आधी सगळ्यांना उंचीप्रमाणे एका रांगेत उभं करते. सुरुवातीला लाजतात, मग मजा घेतात. मी विचारते, उंच माणसं कुठून सुरू होतात? कोणीतरी धीर करून दोघांच्या मधे हात घालतं. मग मी त्या हाताच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना पाठीला पाठ लावून उभं करते. फरक असतो बोटभर. हे उंच आणि ह्या उंच नाहीत? मधे घातलेला हात हळूच मागे जातो, आणि तो क्षण मला फार आवडतो.

नेहमीच्या संचात दोनच जागा असतात, आत किंवा बाहेर. आत असलात तर एक, बाहेर असलात तर शून्य. फझी संच विचारतो, किती आत आहात? मग रांगेच्या एका टोकाच्या लंब्या माणसाला एक मिळतो, दुसऱ्या टोकाला शून्य, आणि मधल्यांना ०.३, ०.५, ०.८. रांगेतून चालत गेलं की आकडा हळूहळू चढत जातो, कुठेही उडी मारत नाही. त्या आकड्याला सदस्यत्वाची मात्रा म्हणायचं. झालं, फझी संच तुम्हाला समजला. बाकीचं सगळं यावरच उभं आहे.

मराठीत याला काय म्हणावं यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं आहे. ‘धूसर’ म्हटलं की वाटतं चष्मा पुसायला हवा. ‘संदिग्ध’ म्हटलं की कोणीतरी काहीतरी लपवतंय असं वाटतं. इथे तसं काहीच नसतं. माणसाची उंची मिलिमीटरपर्यंत मोजलेली असते. सैल असतो तो ‘उंच’ हा शब्द. म्हणून मी फझीच म्हणते.

हल्ली या विद्येची चलती राहिलेली नाही. आमच्या कंपनीने तिचे नियमित वर्ग बंद केले. नवी मुलं म्हणतात, यंत्राला ढीगभर माहिती द्या, ते आपलं आपण शिकतं. शिकतं, खरं आहे. पण ढीगभर माहिती ज्यांच्याकडे नसते, असे कारखाने जगात बरेच आहेत. त्यातला एक लेस्टरला निघाला.

मी कामाचे दिवस कमी करून घेतले होते, तेव्हा केतकीचा फोन आला. नंबर तिला तिथल्या मराठी मंडळातल्या कोणीतरी दिला होता. केतकी जन्मली, वाढली लेस्टरला. हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट होती, ते सोडून तिने इडली-डोशाचं तयार पीठ डब्यांतून विकायचा उद्योग काढला. बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानांत ते छान खपलं, मग एका मोठ्या सुपरमार्केटने त्यांच्या फ्रिजमध्ये जागा दिली, आणि तिथून तिचे हाल सुरू झाले.

“शैला मावशी,” ती म्हणाली, “माझा पीठ ऐकत नाही.”

तिचं मराठी असंच आहे, भरभर आणि लिंगाची पर्वा न करणारं. पण काय झालंय ते तिने नीट सांगितलं. पीठ कधी कमी आंबायचं, तर इडल्या दडस व्हायच्या. कधी जास्त आंबायचं, तर डब्यात फुगत राहून दुकानाच्या फ्रिजमध्ये झाकणं उडायची. सुपरमार्केटच्या माणसाने बजावलं होतं की आणखी एकदा झाकण उडालं तर जागा काढून घेऊ. ती जागा गेली असती तर उद्योग बंदच करावा लागला असता, आणि तिच्याकडे कामाला असलेल्या बायकांना तिने तसं सांगूनही ठेवलं होतं.

मी त्याच आठवड्यात लेस्टरची गाडी पकडली. पीठ आंबवणाऱ्या कारखान्याचा कंट्रोलर मी तोवर कधी केला नव्हता. गाडीत मी लहान मुलीसारखी खिडकीला नाक लावून बसले होते.

इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका युनिटमध्ये तिचा कारखाना. मागे एक ऊबदार खोली, तिच्यात माणूस मावेल एवढ्या स्टीलच्या टाक्या, आणि पीठ आंबल्याचा तो ओळखीचा वास. सकाळची वेळ होती. एका टाकीपाशी केतकी उभी होती आणि तिच्यासमोर डॉक्टर उषाताई, तिची आई. उषाताई तरुणपणी नागपूरहून लेस्टरच्या हॉस्पिटलात आल्या आणि मुलांच्या डॉक्टर म्हणून तिथूनच निवृत्त झाल्या. केतकीने पांढरा कोट उतरवून पीठ घोटायला घेतलं हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. तरी टाकी उघडायच्या दिवशी चव बघायला त्या येत.

केतकी म्हणत होती, पीठ तयार आहे. उषाताई म्हणत होत्या, नाही. दोघी एकाच पळीतून चाखत होत्या आणि एकमेकींकडे न बघता आपापलं म्हणणं धरून होत्या. थोडा वेळ ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की हा वाद नुसत्या पिठाचा नाही.

तिसरा माणूस मार्टिन. यंत्रांची देखभाल तो बघायचा. उंच, शांत, लेस्टरचाच. त्याने वाद मिटवायला टाकीत आंबटपणा मोजणारी दांडी बसवली होती आणि एक आकडा ठरवून दिला होता. आंबटपणा तिथवर पोचला की घंटा वाजायची, पीठ थंड खोलीत जायचं. वरवर बिनचूक योजना. पण एवढी मोठी टाकी थंड व्हायला वेळ लागतो, आणि तोवर आत आंबणं चालूच असतं. हवा गरम असली की घंटा वाजेपर्यंत उशीर झालेला असे. हवा थंड असली की पीठ त्या आकड्याच्या अलीकडेच रेंगाळत राही, मग कंटाळून कोणीतरी घंटेची वाट न बघता टाकी थंड खोलीत हलवी. रेघेच्या अलीकडे कच्चं आणि पलीकडे तयार, एवढंच यंत्राला माहीत होतं. रेघ जवळ येते आहे, वेगाने येते आहे, हे त्याला कळायची सोय नव्हती.

मी मार्टिनला फझीबद्दल सांगायला लागले तसं तो म्हणाला, ही तर प्रॉबेबिलिटी झाली. पीठ तयार असण्याची शक्यता सत्तर टक्के, असंच ना?

हा प्रश्न मला दर वर्गात येतो आणि हुशार माणसंच तो विचारतात. आम्ही चहा घेऊन दारात उभे होतो. बाहेर काहीतरी भुरभुरत होतं. मी म्हटलं, सकाळी फोनवर पावसाची शक्यता साठ टक्के दाखवत होते. ती शक्यता. तेव्हा पाऊस येणार की नाही ते ठाऊक नव्हतं. आता हात बाहेर काढ. आता काही कळायचं राहिलंय का?

त्याने हात बाहेर काढला आणि म्हणाला, नाही.

“मग सांग, पाऊस पडतोय?”

मार्टिनने आपल्या ओल्या तळव्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. “इट्स ओन्ली स्पिटिंग,” तो म्हणाला.

स्पिटिंग, म्हणजे आभाळ नुसतं थुंकतंय! मी आनंदाने जवळजवळ चहा सांडला. इतकी वर्षं या देशात राहून हे उदाहरण मला सुचलं नव्हतं. सगळं डोळ्यांसमोर आहे, हात ओला आहे, लपलेलं काही नाही, आणि तरी ‘पाऊस पडतोय का’ याचं उत्तर हो किंवा नाही देता येत नाही. घटना घडली की शक्यता संपते. मात्रा घडल्यावरही उरते. हा पाऊस ०.३ पाऊस आहे, आणि कितीही वेळ भिजत उभं राहिलं तरी तो ०.३ च राहील. मार्टिनने मान डोलावली आणि आत जाऊन कंट्रोलरचं झाकण उघडून बसला. त्याला पटल्याची ती खूण होती.

आता मायलेकींची पाळी. मी पॅकिंगच्या टेबलावर दोघींपुढे दहा-दहा चमचे मांडले. म्हटलं, ‘तयार आहे’ किंवा ‘नाही’ असं म्हणायचं नाही. चव घ्या आणि पीठ जितपत तयार वाटतं तितके चमचे पुढे सरकवा. मधे मी पुठ्ठ्याचा खोका उभा केला, म्हणजे एकीला दुसरीचे दिसू नयेत. उषाताईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा परीक्षेला बसल्यासारखी झाले. पण त्यांनी चाखलं.

मी खोका उचलला. केतकीचे सात चमचे पुढे होते. उषाताईंचे सहा.

मी चमचे परत मागे घेतले. दुसऱ्या टाकीतलं पीठ आणलं. केतकीचे चार, उषाताईंचे चार. तिसऱ्यातलं आणलं. नऊ आणि आठ. महिनोन् महिने त्या दोघी एकमेकींना चूक ठरवत होत्या, आणि त्यांच्यात फरक होता एका चमच्याचा. केतकीच्या मनातली रेघ सहाच्या पुढे होती, आईच्या मनातली सातच्या पुढे. रेघेमुळे एकीला ‘हो’ म्हणावं लागे आणि दुसरीला ‘नाही’. जिभा जवळजवळ सारख्याच होत्या.

उषाताईंनी आपले चमचे पुन्हा मोजले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ताप अडतीस झाला की मूल आजारी आणि सदतीस पॉइंट नऊला बरं, असं मूल मी आयुष्यात पाहिलेलं नाही, शैलाताई. पण कागदावर रेघ लागते. मीही ती लावत आले.”

मी म्हटलं, वॉर्डात रात्रपाळीच्या नर्सला तुम्ही काय सांगायचात? त्या म्हणाल्या, सांगायचे, बऱ्यापैकी ताप आहे आणि थोडी धापही आहे, तर जरा लवकर लवकर बघत राहा. मी म्हटलं, डॉक्टर, हाच फझी नियम. तुम्ही जन्मभर हेच करत होतात.

मग काम धडाक्यात सुरू झालं. चमचे आणि मार्टिनच्या दांडीवरचे आकडे जुळवून आम्ही ‘तयार’ची चढती रेषा काढली, ‘अजून कच्चं’ची उतरती. दोन्ही एकमेकींवरून जातात, म्हणजे एकच पीठ एकाच वेळी थोडं कच्चं आणि बरंचसं तयार असू शकतं. तसंच खोलीचं ‘ऊबदार’ आणि आंबण्याच्या वेगाचं ‘झपाट्याने’. मग नियम, साध्या बोलीत: पीठ बऱ्यापैकी तयार असेल आणि खोली ऊबदार असेल, तर थंड हवा सोड. ‘आणि’चा हिशेब सोपा आहे, दोन मात्रांतली लहान ती घ्यायची. पीठ ०.६ तयार, खोली ०.३ ऊबदार, तर नियम लागू झाला ०.३. एक अट लंगडी असली तर दुसरीने कितीही जोर केला तरी उपयोग नाही. उषाताईंना हे क्षणात पटलं. धाप नसेल तर नुसत्या तापावर कोण एवढं धावतं, त्या म्हणाल्या. असे थोडेच नियम केले, काही थंड हवेचे, काही गरम हवेचे. प्रत्येक आपल्या मात्रेपुरता ओढतो आणि सगळ्यांचं मिळून जे निघतं तेवढीच हवा सुटते. जास्त नाही, कमी नाही, झटका नाही.

पहिली चाचणी साफ फसली. इडल्या चपट्या आल्या, बिस्किटांसारख्या. मी टाकीपासून मागे मागे कारण शोधत गेले आणि ते सापडलं ‘ऊबदार’पाशी. ती रेषा आम्ही मार्टिनला विचारून काढली होती. तो हाफ शर्टात वावरणारा माणूस. वीस अंशांना त्याला खोली ऊबदार वाटते. उषाताई त्याच खोलीत कार्डिगनची बटणं लावून बसत. यंत्र मार्टिनच्या हिशेबाने घाबरून लवकरच थंड हवा सोडत होतं. मी सगळ्यांना बसवून सांगितलं की ‘ऊबदार’ला स्वतःचा अर्थ नसतो, कोणासाठी ते विचारावं लागतं. इथे गिऱ्हाईक पीठ आहे. त्याला कुठे सुस्ती येते आणि कुठे जोर चढतो ते बघून रेषा काढायची. मार्टिन ओशाळून हसला. आम्ही ती पुन्हा काढली, बरीच उजवीकडे सरकवून.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी लेस्टरला अचानक ऊन तापलं. लोक शर्ट काढून पार्कात पडले होते. सुपरमार्केटचा ट्रक दुपारी यायचा होता, आणि हेच पीठ त्यात जाणार होतं, दुसरं नव्हतं. नेमकी अशाच हवेत मागची झाकणं उडाली होती.

सकाळी उशिरा थंड हवेचा पंखा हलकेच सुरू झाला. मार्टिनने जुन्या दांडीचा आकडा पाहिला. घंटेच्या रेघेला पीठ अजून पोचलं नव्हतं. जुन्या पद्धतीने अजून काही करायची वेळच आली नव्हती. पंखा हळूहळू वाढत होता. मार्टिनने स्विचकडे हात नेला, म्हणाला, हे मागच्यासारखंच होणार, फार लवकर सुरू झालंय, हाताने चालवू या.

केतकीने माझ्याकडे पाहिलं. मला सांगायला काय, माझं पीठ नव्हतं. मी म्हटलं, यंत्राला पीठ पळताना दिसतंय. पण निर्णय तुझा.

ती काही बोलायच्या आत उषाताई पुढे झाल्या. त्यांनी टाकीवरची खिडकी उघडली, पळीभर पीठ घेतलं, चाखलं आणि थोडं थांबून परत चाखलं. नाडी धरल्यासारख्या उभ्या होत्या.

“सहा चमचे,” त्या म्हणाल्या. “आणि जोरात वर चाललंय. केतकी, राहू दे त्याला. बरोबर करतंय.”

मार्टिनने हात खाली घेतला.

पुढचा काळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. मी त्या खोलीत येरझारा घालत होते आणि पडद्यावरच्या दोन रेषा बघत होते, एक पंख्याची, एक पिठाची. पिठाची चढत होती, पण आता तिची चढण मंदावत होती, घाट संपून माळ लागावा तशी. ती ‘तयार’च्या माथ्यावर आली आणि तिथेच पसरली. मी इतकी वर्षं या रेषा फळ्यावर काढल्या आहेत. अशी जिवंत, पिठाने काढलेली रेषा मी पहिल्यांदाच बघत होते. केतकीने त्या पिठाच्या इडल्या लावल्या. झाकण काढलं तेव्हा सगळे वाफेत वाकले. उषाताईंनी एक इडली बोटाने दाबली, ती परत वर आली. त्यांनी ती अख्खी खाल्ली, उभ्यानेच, चटणीशिवाय.

ट्रक भरून गेला. त्यानंतर तो आठवडाभर उकाडा राहिला आणि केतकी रोज सुपरमार्केटच्या फ्रिजपाशी जाऊन डबे बघून यायची. एकही झाकण हललं नाही. मग हवा एकदम गार झाली, तरीही पीठ वेळेवर तयार झालं. दुकानाच्या माणसाने जागा काढून घेण्याचा विषय पुन्हा काढला नाही. उलट आणखी दोन गावांतल्या दुकानांत डबे ठेवायचं विचारलं. मला फोनवर हे सांगताना केतकीला मराठी सुचेना, इंग्रजीही सुचेना, ती नुसती हसत होती.

महिन्याभराने मी पुन्हा लेस्टरला गेले, कारण आता डोशाच्या पिठाचा कंट्रोलर करायचा होता आणि तिथल्या सगळ्या बायकांना मी फझी शिकवावं असा केतकीचा हट्ट होता. पॅकिंगच्या टेबलाभोवती त्या बसल्या होत्या, चमचे मांडून झाले होते. केतकी घड्याळाकडे बघत होती. मला वाटलं माझ्यासाठी. पण मी पोचल्यावरही तिने वर्ग सुरू करू दिला नाही.

मग दार उघडून उषाताई आत आल्या. डोक्याला कारखान्याची जाळी, अंगात पांढरा कोट, हॉस्पिटलचा नव्हे, इथला, खिशावर केतकीच्या उद्योगाचं नाव असलेला. नव्या पिठांच्या सगळ्या रेषा आता त्या ठरवणार होत्या, आणि नोकरीचा त्यांचा तो पहिला दिवस होता. मला कोणीच काही सांगितलं नव्हतं.

“आई,” केतकी म्हणाली, “पहिल्याच दिवशी लेट आला तू?”

“आलीस,” उषाताई म्हणाल्या. “लेट आलीस.” आणि जाळीबाहेर राहिलेली बट आत सारत त्या बायकांमधल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या.